कबुली, मौन आणि साक्ष : आरंभीच्या बोलपटातील एका खुनाच्या निमित्ताने

रहस्यकथेचा घाट एका गृहीतकावर उभा असतो. ते इतके सवयीचे झालेले असते की त्याची वेगळी चर्चा करावी असे समीक्षेला सहसा वाटत नाही. सत्य दडलेले आहे आणि ते कळावे अशी सर्वांचीच इच्छा आहे, हे ते गृहीतक. खून झालेला आहे, खुनी अज्ञात आहे. पोलीस, गुप्तहेर, न्यायालय, मृताचे आप्त आणि वाचक किंवा प्रेक्षक या सर्वांपुढे एकच प्रश्न आहे : कोणी केला? कथानक या प्रश्नाच्या उत्तराकडे सरकते आणि उत्तर मिळताच संपते. या रचनेचा जो थोडाफार विचार झाला तो कुतूहल, विलंब, दिशाभूल अशा तांत्रिक अंगांनी झाला. परंतु ‘सर्वांना सत्य हवे आहे’ हे विधान तंत्राविषयीचे नाही. ते नीतीविषयीचे आहे. ते खरे की खोटे, हे ज्या समाजात ती कथा वाचली-पाहिली जाते त्या समाजाकडे पाहूनच ठरवावे लागते.

मराठीत हा प्रश्न उपस्थित न होण्याचे एक कारण उघड आहे. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचकांनी हातोहात फिरवून जीर्ण केले. समीक्षेने मात्र त्यांना उंबरठ्याच्या आत घेतले नाही. जे रंजनपर ते विचारार्ह नाही, असा एक अलिखित दंडक आपल्या विद्यापीठीय अभ्यासात दीर्घकाळ पाळला गेला. चित्रपटातील रहस्यकथा तर या दंडकाने दुहेरी अस्पृश्य ठरली. तिच्याकडे वळण्याचे प्रयोजन तिचे कलामूल्य सिद्ध करणे हे नाही. एखाद्या समाजाला अपराधाविषयी स्वतःची कशी समजूत घालावीशी वाटते, हे त्याच्या श्रेष्ठ कलाकृतींइतकेच, किंबहुना कधी त्यांच्यापेक्षा अधिक स्पष्टपणे, त्याच्या रंजनातून दिसते.

‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला आणि पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला. या पहिल्या पर्वात पुराणकथा, संतचरित्रे आणि अद्भुतरम्य प्रेमकथा यांचे प्राबल्य होते. समकालीन जीवनातला खून आणि त्याचा तपास हा विषय पडद्यावर नवाच होता. अशा काळात, १९३५ मध्ये, मालाडच्या बॉम्बे टॉकीज या संस्थेने आपला पहिला चित्रपट सादर केला, तो ‘जवानी की हवा’. निर्माते हिमांशू राय, लेखन निरंजन पाल यांचे, दिग्दर्शक जर्मनीहून आलेले फ्रांझ ऑस्टेन, छायालेखक त्यांचेच देशबंधू योझेफ विर्शिंग, प्रमुख भूमिकांत देविका राणी आणि नजमुल हुसेन. नव्या, सुशिक्षित म्हणवून घेणाऱ्या संस्थेने आरंभासाठी पुराण निवडले नाही, खून निवडला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कथेचा मोठा भाग आगगाडीत घडतो. कमलाचे लग्न वडिलांनी ठरवलेले आहे. ऐन लग्नाच्या दिवशी ती बालमित्र रतनलालबरोबर पळून जाते. वडील पाठलाग करीत गाडीत येऊन पोहोचतात. तेथे झटापट होते आणि वडिलांचा मृत्यू होतो. आळ अर्थातच रतनलालवर येतो. त्याला वाचवण्यासाठी खून आपण केल्याचे कमला सांगते. विशेष असे की हे सांगणारी ती एकटी नाही. आणखीही माणसे हा गुन्हा अंगावर घ्यायला पुढे होतात. अखेर प्रेमिक निर्दोष ठरतात. खरा खुनी कोण हे येथे सांगण्याचे कारण नाही, आणि चित्रपटाचे खरे स्वारस्यही त्यात नसावे. त्याचे स्वारस्य आहे ते कबुलीत.

याच्या आदल्याच वर्षी, १९३४ मध्ये, अगाथा ख्रिस्तीबाईंची ओरिएंट एक्स्प्रेसमधील खुनाची सुप्रसिद्ध कादंबरी प्रसिद्ध झाली होती. तेथेही आगगाडी, तेथेही बंदिस्त डबा आणि मोजके संशयित. त्या कादंबरीत सर्वांनी मिळून खून केलेला आहे आणि सर्वच तो नाकारतात. ‘जवानी की हवा’त ज्यांनी खून केलेला नाही ते ‘आम्हीच केला’ असे म्हणत येतात. एकाचा दुसऱ्यावर परिणाम झाला असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. मात्र तोच साचा दोन संस्कृतींत किती उलटा फिरू शकतो याचे हे बोलके उदाहरण आहे. इंग्रजी रहस्यकथेतला संशयित स्वतःला वाचवण्यासाठी खोटे बोलतो, आणि गुप्तहेराची बुद्धी त्या खोट्याला भेदते. येथे खोटे दुसऱ्याला वाचवण्यासाठी बोलले जाते. मग ते भेदायचे कशासाठी? प्रेक्षकाला ते खोटे असल्याचे ठाऊक असते आणि तरी, किंवा म्हणूनच, तो हेलावतो.

येथे ध्वनीचे महत्त्व ध्यानात घ्यावे लागते. मूकपटात कबुली पडद्यावरच्या अक्षरपाटीतून येत असे. पाटीवरच्या अक्षरांना बोलणाऱ्याचा कंठ नसतो. खरे आणि खोटे दोन्ही तेथे सारख्याच वळणाने लिहिलेले असते आणि त्या दोहोंवर निवेदकाचा शिक्का असतो. बोलपटाने हा शिक्का काढून घेतला. आता विधान माणसाच्या आवाजात येऊ लागले, कापरे, अडखळणारे, निश्चयाने आवळलेले. आशय खोटा आणि आवाज खरा, अशी एक विलक्षण शक्यता प्रथमच पडद्यावर निर्माण झाली. कमलाचे विधान असत्य आहे, परंतु ते उच्चारणारा आवाज तिच्या प्रेमाविषयी सत्य सांगतो. नाटकाला ही शक्यता नेहमीच उपलब्ध होती, हे खरे. पण कॅमेऱ्याने चेहरा जवळ आणला आणि ध्वनिक्षेपकाने श्वास, त्यामुळे रंगमंचावरच्या अभिनयात जे अंतर होते तेही नाहीसे झाले.

खोट्या कबुलीचे नैतिक स्वरूप काय, हा प्रश्न आपल्या परंपरेला अपरिचित नाही. द्रोणपर्वातील युधिष्ठिराचे विधान सर्वांना ठाऊक आहे. त्याचा जो भाग त्याला निर्दोष ठरवू शकला असता तो ऐकू गेला नाही, आणि लोकपरंपरेने तर त्या शब्दांवर कृष्णाचा शंखही वाजवला. सत्य उच्चारणे आणि सत्य ऐकू जाणे यांतला फरक इतक्या स्पष्टपणे क्वचितच मांडला गेला असेल. कर्णपर्वातील कौशिकाची कथा याच्या उलट आहे. सत्यव्रती कौशिक लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा लुटारूंना सांगतो, ती मारली जातात आणि कौशिक नरकाला जातो. कांटने १७९७ मध्ये नेमके हेच उदाहरण घेऊन, दारात आलेल्या मारेकऱ्याशीही खोटे बोलता येणार नाही, असा निर्वाळा दिला. व्यासांचा निर्वाळा त्याविरुद्ध आहे. ज्या समाजाच्या कथांत कौशिक नरकात जातो त्या समाजाच्या प्रेक्षकाला कमलाचे असत्य पाप वाटणार नाही, हे ओघानेच आले.

पण कमला आणि चारुदत्त यांची तुलना केली तर मामला इतका सोपा राहत नाही. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’तही मूळ प्रसंग खुनाच्या आरोपाचाच आहे. वसंतसेनेचा गळा शकाराने आवळलेला असतो आणि आरोप चारुदत्तावर येतो. न्यायसभेत चारुदत्त स्वतःचा बचाव जवळजवळ सोडूनच देतो आणि अखेरीस आरोप मान्य केल्यासारखा बोलतो. वसंतसेना गेली असे समजल्यावर त्याला जगण्यात रस उरलेला नाही. त्याची ही कबुली उदात्त म्हणून वाखाणली जाते. परंतु तिचा परिणाम काय होतो? शकार सुटतो. वसंतसेनेला ज्याने मारले असे चारुदत्ताला वाटायला हवे, तो माणूस त्याच्यासमोर न्यायसभेत उभा आहे, आणि चारुदत्ताची उदारता त्याला मोकळा करते. ज्या स्त्रीसाठी तो मरायला निघाला आहे तिच्याविषयीचे एक कर्तव्य तो विसरतो : तिचा मारेकरी कोण हे उघड व्हावे, हा तिचा हक्क. वसंतसेना जिवंत निघते म्हणून हा प्रश्न नाटकात उरत नाही. शूद्रकाने तो सोडवला नाही, टाळला.

मृताचा हा हक्क ‘जवानी की हवा’तही कोणाला आठवत नाही. खोटी कबुली देणारा स्वतःचे नुकसान करून घेतो, दुसऱ्याला वाचवतो, म्हणून ती त्याग ठरते; पण या हिशेबात तिसरा पक्ष धरलेलाच नाही. मेलेला बाप प्रेमाच्या आड येणारा होता. त्याच्या मृत्यूने अडथळा दूर झाला. प्रेमिकांना जे हवे होते ते त्या मृत्यूमुळे मिळाले आणि त्याचा डागही त्यांना लागला नाही, कारण गोळी दुसऱ्याच कोणाची निघाली. रहस्यकथेच्या यंत्राचे खरे कार्य येथे उघडे पडते. ती दोष शोधत नाही, दोष गोळा करते. अनेकांच्या मनात विखुरलेली इच्छा, राग, लाभ हे सारे एका माणसाच्या माथी जमा करून ती बाकीच्यांना स्वच्छ करून घरी पाठवते. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, रहस्यकथेच्या वाचकाला स्वतःच्या अपराधभावनेतून सुटका हवी असते आणि खुनी सापडताच जग पुन्हा निष्पाप झाल्याचा दिलासा त्याला मिळतो. ऑडेन यांनी हे ख्रिस्ती पापकल्पनेच्या संदर्भात लिहिले. ती कल्पना नसलेल्या समाजातही हे यंत्र तितकेच उत्तम चालते, हे त्यांच्या मांडणीत येत नाही. दोष वाटून घेण्याची तयारी नसणे याला कोणत्याही एका धर्माची गरज लागत नाही.

या चित्रपटाच्या बाबतीत आणखी एक घटना नोंदवण्यासारखी आहे. संगीत दिग्दर्शिका सरस्वती देवी आणि त्यात भूमिका करणारी चंद्रप्रभा या दोघी मूळच्या होमजी घराण्यातील पारशी भगिनी. मुली चित्रपटात गेल्या म्हणून त्यांच्या समाजातून तीव्र विरोध झाला आणि म्हणूनच त्यांना ही दुसरी नावे घ्यावी लागली. पडद्यावरचा खुनी कोण, यापेक्षा पडद्यामागे गाणे बसवणारी बाई कोणाची, हा शोध काहींना अधिक निकडीचा वाटला. समाजाला कोणत्या सत्याचा तपास करावासा वाटतो आणि कोणत्या नाही, याचे हे छोटेसे पण मार्मिक उदाहरण.

कायद्याचा दृष्टिकोन मात्र चित्रपटाच्या अगदी उलट आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नसे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. पोलिसांपुढे खून कबूल करणाऱ्या एखाद्या कमलाचे ते हृदयद्रावक शब्द न्यायालयात कवडीमोल ठरतील. कबुलीवर कायद्याचा विश्वास नाही, कारण ती मारून-धमकावून काढता येते हे त्याला ठाऊक आहे. कायद्याला साक्ष हवी असते : ज्याने पाहिले, ऐकले, त्याचे सांगणे. कबुली देणारा स्वतःविषयी बोलतो. साक्ष देणारा दुसऱ्याविषयी, आणि बहुधा आपल्यापेक्षा बलवान दुसऱ्याविषयी. नाट्याच्या दृष्टीने पहिली कृती भव्य आहे. नीतीच्या दृष्टीने दुसरी अधिक अवघड आहे, आणि हिंदी-मराठी बोलपटाला पहिलीचे जेवढे आकर्षण राहिले तेवढे दुसरीचे राहिले नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये हिचकॉकने बोलपटात खुनाचा जो विचार केला तो या संदर्भात उपयोगी आहे. ‘मर्डर!’ (१९३०) मध्ये एक ज्यूरी सदस्य आरोपी तरुणीच्या अपराधाविषयी साशंक असतो. बाकीचे सदस्य त्याच्याभोवती एका सुरात प्रश्नांचा भडिमार करतात, आणि तो नमतो. नंतर दाढी करताना आरशासमोर त्याच्या मनातला विचार आवाजरूपाने प्रेक्षकाला ऐकू येतो, ओठ मात्र मिटलेले असतात. समूहाचा आवाज आणि मनाचा आवाज यांतील हे द्वंद्व ध्वनीशिवाय शक्य नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘ब्लॅकमेल’मध्ये तर बलात्काराचा प्रयत्न करणाऱ्याचा खून नायिकेच्या हातून झालेला असतो. शेवटी ती स्वतः पोलिसांकडे कबुली द्यायला जाते. नेमका तेव्हाच अधिकाऱ्याचा दूरध्वनी वाजतो आणि तिचे बोलणे राहून जाते. तिचा प्रियकर पोलीस आहे, तो तिला बाहेर नेतो. खरी कबुली ऐकून घेण्याची कोणाला गरज नाही, कारण दोष वाहून नेणारा दुसरा एक माणूस आधीच मेलेला आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला सरळ सामोरा गेलेला आरंभीचा बोलपट रहस्यपट नाही. व्ही. शांताराम यांचा ‘माणूस’ (१९३९) हा एका शिपायाचा आणि वेश्येचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. शाहू मोडक यांचा गणपत आणि शांता हुबळीकर यांची मैना. अनंत काणेकरांच्या संवादांनी त्याला एक करडा, जमिनीवरचा सूर दिला आणि बॉम्बे टॉकीजच्या वळणाच्या प्रेमदृश्यांची त्यात थट्टाही केली गेली. ती थट्टा नुसती व्यावसायिक चिमटा म्हणून पाहिली गेली आहे. ‘जवानी की हवा’शेजारी ठेवल्यास तिला निराळा अर्थ येतो. मैना खून करते. तिच्या जिवावर जगणाऱ्या, तिला पिळणाऱ्या नात्यातल्याच पुरुषाचा खून. येथे संशयित नाहीत, तपास नाही, उलगडा नाही. कोणी केला हे सर्वांना माहीत आहे. रहस्य नसल्यामुळे प्रेक्षकाची सुटका करणारा तो शेवटचा क्षणही नाही. गणपत तिला सोडवू पाहतो आणि ती नकार देते. जन्मठेप तिला होते, पण तिला या जागी आणून सोडणारे, गणपतच्या सोवळ्या घराच्या उंबरठ्यावरून तिला मागे फिरायला लावणारे जे कोणी आहेत ते प्रेक्षागृहातच बसलेले असतात. त्यांच्यापैकी कोणाला हातकडी पडत नाही आणि कोणाला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्रही मिळत नाही. चित्रपटाच्या कर्तव्यनिष्ठेच्या उपदेशाविषयी मतभेद होऊ शकतील. तो उपदेश आज थोडा ठोकळेबाज वाटतो. परंतु ‘कोणी केला’ हा प्रश्न आरंभीच मिटवून टाकल्यामुळे ‘कोणाकोणाचा यात वाटा आहे’ हा प्रश्न उभा राहण्यास जी जागा मिळाली, ती रहस्यपटाच्या घाटात मिळणे शक्य नव्हते.

नांदेड-लातूरच्या परिसरातून या चित्रपटांकडे पाहिले तर रहस्यकथेचे मूळ गृहीतकच परके वाटू लागते. येथील खेड्यात खून झाला तर सहसा सत्य दडलेले नसते. कोणी मारले, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या वाटेने मारेकरी आले, आदल्या रात्री कोणाच्या ओसरीवर बैठक बसली होती, हे गावाला माहीत असते. माहीत नसते ते फक्त पंचनाम्याला. परजातीतल्या मुलाबरोबर गेलेल्या मुलीचा तिच्याच बापा-भावांनी जीव घेतला, किंवा त्या मुलाचा घेतला, अशा घटना या जिल्ह्यांत अलीकडच्या वर्षांतही घडल्या आहेत. ‘जवानी की हवा’चे कथानक येथे उलटे घडते. पळून जाणारे सुटत नाहीत आणि पाठलाग करणारा बाप मरत नाही. तपासाला बुद्धिमान गुप्तहेर नको असतो. एक बोलणारा माणूस हवा असतो, आणि तोच मिळत नाही. न्यायालयात ‘फितूर साक्षीदार’ हा शब्द वापरतात. शब्द कठोर आहे. ज्याची दोन एकर जमीन मारेकऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहे, ज्याच्या मुलीचे लग्न त्याच भावकीत ठरायचे आहे, त्याला फितूर म्हणताना न्यायव्यवस्थेने त्याच्या जगण्याचा विचार करू नये हे समजण्यासारखे आहे. साहित्यविचाराने मात्र तो करायला हवा. त्याचे मौन समजून घेणे आणि ते क्षम्य मानणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यानंतर उसळलेल्या दंगलीत, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे पोचीराम कांबळे यांची जमावाने हत्या केली. या घटनेत रहस्य कोणते होते? जमाव अदृश्य नसतो. तो शेजाऱ्यांचा, ओळखीच्या चेहऱ्यांचा बनलेला असतो. ‘कोणी केला’ हा प्रश्न येथे इतका अपुरा आहे की तो विचारणेच एक प्रकारची पळवाट ठरते. पुढे सोळा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाने स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. नावांचा प्रश्न सुटला. पाहिलेले न सांगण्याचा प्रश्न नावांशी संबंधित नव्हता, म्हणून तो सुटण्याचेही कारण नव्हते.

यामागे आणखी जुना एक प्रश्न आहे : कोणाचा मृत्यू ‘खून’ या पदवीला पात्र ठरतो? रहस्यकथेतला मृत माणूस बहुधा मालमत्तेचा धनी असतो. त्याचे मरण ही घटना आहे, म्हणून तिचा तपास होतो. मनुस्मृतीत शूद्राच्या हत्येचे प्रायश्चित्त मांजर, मुंगूस, बेडूक, कावळा अशा प्राण्यांच्या हत्येलाही लागू केलेले आहे. अपराध एकच, पण मरणारा कोण यावर त्याचे वजन ठरते. नांदेडचे नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) यांनी मनुस्मृतीवरील आपल्या व्याख्यानांत या ग्रंथाची जी निर्भीड चिकित्सा केली, तिचे महत्त्व धर्मचिकित्सेपुरते नाही; अपराधाच्या कथा आपण कशा रचतो हे समजून घेण्यासाठीही ती आवश्यक आहे. ‘मृच्छकटिका’तील न्यायाधीशसुद्धा ब्राह्मणाला देहान्त शिक्षा देऊ नये म्हणून मनूचाच आधार देतो, आणि पालक राजा तो धुडकावतो. नाटक पाहताना प्रेक्षकाची सहानुभूती न्यायाधीशाकडे जाते, कारण चारुदत्त निरपराध आहे हे आपल्याला माहीत असते. त्याच्या जागी निरपराध चांडाळ असता तर न्यायाधीशाला आधारासाठी कोणता श्लोक सापडला असता, हा विचार त्या क्षणी आपल्या मनात येत नाही. सुळाकडे नेणारे चांडाळ तर रंगमंचावरच असतात, आणि त्या प्रवेशात राजपुरुषांपेक्षा त्यांची माणुसकी अधिक जाणवते.

तेव्हा रहस्यपट आपल्या मातीत का रुजला नाही, या प्रश्नाला ‘आपल्याकडे विवेकवादी परंपरा दुर्बळ आहे’ असे जे ठरावीक उत्तर दिले जाते ते समाधानकारक नाही. रहस्यकथेला अज्ञानाची गरज असते. ज्या गावात सर्वांना सर्व माहीत आहे तेथे ती रचायची म्हणजे ते अज्ञान कृत्रिमरीत्या निर्माण करावे लागते. आगगाडीचा डबा हवा, एकमेकांना न ओळखणारे प्रवासी हवेत, शहर हवे. ‘जवानी की हवा’ने गाडीचा आश्रय घेतला तो नुसत्या वेगासाठी नव्हे. गावात ती कथा उभीच राहिली नसती. गावात उभी राहील ती साक्षीची कथा. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये तिची एक बाजू आली आहे. तेथे साक्षी भरपूर आहेत, साक्ष द्यायला सर्व उतावीळ आहेत, कारण आरोपी एकटी आणि दुबळी आहे. बेणारेबाईंचे शेवटचे दीर्घ भाषण सुरू असताना मात्र बाकीची पात्रे गोठलेली असतात. म्हणजे ती बोलते आणि कोणी ऐकत नाही. बलवानाविरुद्ध बोलणारा साक्षीदार हा नायक मात्र आपल्या नाटक-चित्रपटांत विरळाच आहे.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’चा (२०१६) शेवट या दृष्टीने पुन्हा पाहावा लागतो. ऐंशी वर्षांपूर्वीच्या त्या बोलपटातील पळून जाणारी मुलगी येथे पुन्हा आलेली आहे. ती संसार मांडते, तिला मूल होते, आणि मग माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन दारात येतात. कोण मारणार आहे हे प्रेक्षकाला आधीच कळते. रहस्य नाही, धक्का आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. मूल शेजारणीबरोबर घरी परतते आणि त्या क्षणापासून चित्रपटातला आवाज काढून घेतलेला आहे. ज्या माध्यमाने बोलायला शिकल्यानंतर चारच वर्षांत प्रेमासाठी उच्चारलेल्या खोट्या कबुलीवर आपले नाट्य उभारले, ते येथे मुके होते. मूल रडते, पण ते ऐकू येत नाही. शेजारीण कोठे गेली, पोलिसांना कोणी कळवले, कोणी काही सांगितले का, हे दाखवलेले नाही. पडद्यावर फक्त लहान पावलांचे तांबडे ठसे उमटत दाराबाहेर जातात, आणि अजून नीट बोलताही न येणारे ते मूल गल्लीच्या दिशेने चालू लागते.